दावतीतले दुखणे

तुमसरला माझ्या मामेबहिणीचा वलीमा होता. साल 2013. बायकांच्या मंडपात दुसरी फेरी उठून अर्धा-पाऊण तास झाला असेल. पानाचे तबक फिरत होते, ढोलक कुणीतरी मांडीवर ओढली होती, आणि तेवढ्यात खाला पोटावर हात दाबून गादीवर आडवी झाली. डाळिंबी रंगाचा शरारा, कोपरापर्यंत बांगड्या, डोळ्यांतले काजळ गालावर उतरलेले. "हाय अल्ला, मैं मर गई" असे ती दोन-तीनदा ओरडली. नवरी घाबरून उभी राहिली. पण आमच्या घरातली एकही बाई उठली नाही. मामी पान लावता लावता फक्त म्हणाली, "हो गया शुरू."

त्या तीन शब्दांवर सगळ्या हसल्या. मीही हसले. आज बारा वर्षांनी हा लेख लिहायला बसले आहे तो त्या हसण्यामुळे.

खाला म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. पाच बहिणी आणि एक भाऊ, त्यात ही चौथी. तिच्या आधीच्या तिघी झाल्या तेव्हा घराने मुलाची वाट पाहिली, आणि ती झाली तेव्हा वाट पाहणारे थकलेले होते. आई सांगते की खालाच्या जन्माच्या वेळी नाना राईस मिलमधून दोन दिवस घरीच आले नाहीत. तिच्यानंतर पाचवी आणि शेवटी मामू. त्यामुळे खालाच्या वाट्याला मोठेपणाचा मान आला नाही आणि धाकटेपणाचे लाडही नाहीत. एकदाच सगळे घर तिच्याकडे पाहत बसले होते. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिने एका नाटुकल्यात म्हातारीचे काम केले. तिची नक्कल पाहून नाना इतके हसले म्हणे की त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. घरी आल्यावर त्यांनी तिला पुन्हा एकदा करून दाखवायला लावले. हा प्रसंग मी खालाच्या तोंडून किमान पन्नास वेळा ऐकला आहे. दरवेळी त्यात काहीतरी नवे असते. कधी नानांनी तिला रुपया दिलेला असतो, कधी पाच रुपये.

सातवीनंतर तिची शाळा सुटली. त्या वेळी गावातली उर्दू शाळा सातवीपर्यंतच होती आणि मराठी शाळेत मुलीला पाठवायला घर तयार नव्हते. लग्न गोंदियाकडे झाले. मूल झाले नाही. तीन वर्षांनी एक ट्रंक घेऊन ती परत आली, ती मामूच्या घरातलीच झाली. अशा बाईला घरात काम असते, खाणे असते, पण जागा नसते. खालाने आपली जागा आवाजाने केली.

तिचे वागणे मी लहानपणापासून पाहिले आहे. घरात पाहुणे आले की ती कपडे बदलून यायची, तेही सर्वांत भडक. बांगडीवाला, दूधवाला, मिलचा मुनीम यांच्याशी ती मान वेळावून अशी बोलायची की मामू आतून खाकरायचा. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईला उतरेपर्यंत "मेरी सगी बहन" करून टाकायची आणि दुसऱ्या दिवशी तिचे नाव विसरायची. एका क्षणाला खो खो हसायची, पुढच्या क्षणाला डोळे भरायचे, आणि आपण तिच्या रडण्यात शिरेपर्यंत ती पुन्हा हसत असायची. "बहुत बड़ा हादसा हुआ" म्हणून धावत यायची. काय झाले, कुठे, कुणाचे, असे विचारले तर तपशील नसायचा. "बस, पूछो मत!" कुणी सांगितले की अमक्या बाबांचा ताईत घाल, तर ताईत, कुणी सांगितले की दही सोड, तर दही बंद. आणि जरा कुणाचे लक्ष दुसरीकडे गेले की हिला चक्कर येई, पोटात कळ येई किंवा विहिरीचा विषय निघे.

घराने तिला एक शब्द दिला होता: नाटकी.

हा शब्द आमच्या जिल्ह्यात शिवी कसा झाला याचे मला नवल वाटते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा झाडीपट्टीचा मुलूख. दिवाळीनंतर मंडया भरू लागतात आणि होळीपर्यंत गावोगाव नाटके होतात. वडसा देसाईगंज हे तर नाटक मंडळ्यांचेच गाव. धान निघालेल्या शेतात मंडप पडतो, थंडीत तणसावर पोती आणि चादरी अंथरून माणसे पहाटेपर्यंत बसतात. रंगमंचावरची सून रडली की खाली बसलेल्या बाया पदराने डोळे पुसतात. आमच्या मोहल्ल्यातल्या बायकासुद्धा बुरखा सावरून मागच्या बाजूला बसलेल्या मी पाहिल्या आहेत. खालाचा तो जीव की प्राण. जिथे माणसे तिकीट काढून रात्रभर दुसऱ्याचे रडणे पाहतात, तिथे घरातल्या बाईच्या रडण्याला मात्र "नाटक" म्हणून झटकून टाकतात. रंगमंचावरच्या रडण्याला पहाट झाली की शेवट असतो. घरातल्या रडण्याचे काय करायचे ते कुणाला माहीत नसते.

मी बी.एड. केले. अध्ययन-अध्यापनाच्या मानसशास्त्रात व्यक्तिमत्त्व, समायोजन, संरक्षण यंत्रणा असे घटक होते. ते शिकताना मला पानोपानी खाला दिसू लागली. नागपूरला जुन्या पुस्तकांच्या दुकानात अपसामान्य मानसशास्त्राचे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळाले. त्यात व्यक्तिमत्त्व विकारांचे प्रकरण होते आणि त्या प्रकरणात "हिस्ट्रिऑनिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर" हे नाव. मराठीत आपण त्याला नाटकी व्यक्तिमत्त्व विकार म्हणू. लॅटिनमध्ये हिस्ट्रिओ म्हणजे नट. आमच्या मामीने कोणतेही पुस्तक न वाचता ठेवलेले नाव अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनीही तेच ठेवले होते!

त्यांची आठ लक्षणे मी पेन्सिलने अधोरेखित केली. सर्वांच्या लक्षाचा केंद्रबिंदू नसलो तर अस्वस्थ होणे. प्रसंगाला न शोभणारे लाडिक किंवा मोहक वागणे. भराभर बदलणाऱ्या, उथळ वाटणाऱ्या भावना. लक्ष वेधण्यासाठी सतत रूपाचा, पोशाखाचा वापर. मोघम, तपशील नसलेले बोलणे. भावनांचे अतिरंजित प्रदर्शन. दुसऱ्याच्या सांगण्याचा चटकन परिणाम होणे. नाती असतात त्यापेक्षा जवळची समजणे. आठपैकी पाच किंवा अधिक असली, ती ऐन तारुण्यापासून आणि आयुष्याच्या निरनिराळ्या प्रसंगांत दिसत असली, तर निदानाचा विचार होतो. मी खालाचे मोजले. आठपैकी आठ.

मला झालेला आनंद आज सांगायला लाज वाटते. कोडे सुटल्याचा तो आनंद होता. मी घरी जाऊन सर्वांसमोर जाहीर केले की खालाला नाटक करण्याची बीमारी आहे, तिचे नाव असे असे आहे, ते पुस्तकात लिहिले आहे. वाटले होते, आता घर तिला समजून घेईल. मामी म्हणाली, "देखो, मैं क्या बोलती थी?" त्या दिवसापासून नाटकी या शब्दाला डॉक्टरी शिक्का मिळाला. पूर्वी खालाला कळ आली तर एखादी म्हातारी निदान ओवा-काळे मीठ आणून द्यायची. आता तेही बंद झाले. बीमारीच नाटकाची आहे, मग ओवा कशाला?

पुस्तकाचे पुढचे-मागचे पान मी तेव्हा नीट वाचले असते तर कदाचित थांबले असते. या विकाराच्या नावामागे मोठा इतिहास आहे आणि तो बहुतेक बायकांचाच आहे. जुन्या ग्रीक वैद्यांनी गर्भाशयाला हिस्टेरा म्हटले आणि त्यावरून पुढे हिस्टेरिया शब्द आला. बाईला झटके येतात, श्वास कोंडतो, कारण तिचे गर्भाशय जागचे हलते, अशी ती कल्पना. हीच कल्पना युनानी तिब्बमध्ये आली. उर्दूत वैद्यकाची जुनी पुस्तके पाहिली तर हिस्टेरियाला "इख्तिनाकुर्रहम" असा शब्द सापडतो. अर्थ, गर्भाशयामुळे गुदमरणे. आणि इलाज? ग्रीकांनीही लग्न सुचवले होते. आमच्याकडे आजही चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला झटके आले की म्हातारी माणसे म्हणतात, "शादी कर दो, ठीक हो जाएगी." दोन हजार वर्षे जुना नुस्खा बिनबोभाट चालू आहे.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को नावाचे मोठे मेंदूतज्ज्ञ होते. ते हिस्टेरियाच्या रुग्ण स्त्रियांना लोकांसमोर आणून व्याख्याने देत. समोर डॉक्टर, विद्यार्थी, लेखक असा प्रेक्षकवर्ग, आणि मध्ये संमोहित केलेली बाई. 1887 साली ब्रुये नावाच्या चित्रकाराने या प्रसंगाचे प्रसिद्ध चित्र काढले. त्यात बेशुद्ध होऊन मागे कललेली एक स्त्री आहे आणि तिच्याकडे रोखून पाहणारे खोलीभर पुरुष. रोग नाटकी होता की त्या खोलीने नाटक मांडले होते? निदान एवढे खरे की शार्को यांनीच पुरुषांनाही हिस्टेरिया होतो हे आग्रहाने सांगितले. पुढे 1895 साली ब्रॉयर आणि फ्रॉईड यांनी हिस्टेरियावर पुस्तक लिहिले. रुग्णाला बोलू द्यावे, तिचे ऐकावे, ही पद्धत तिथून रुजत गेली.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत 1968 साली "हिस्टेरिकल पर्सनॅलिटी" असे नाव होते. 1980 च्या तिसऱ्या आवृत्तीत हिस्टेरियाचे तुकडे झाले. झटके येणे, वाचा जाणे, हातपाय लुळे पडणे, अंगात आल्यासारखे भान हरपणे हे एका बाजूला गेले. स्वभावाचा भाग दुसऱ्या बाजूला राहिला आणि त्याला हिस्ट्रिऑनिक हे नाव मिळाले. आपल्याकडे अजून दोन्हींची गल्लत होते. झटके येणारी प्रत्येक मुलगी नाटकी स्वभावाची नसते आणि नाटकी स्वभावाच्या प्रत्येक बाईला झटके येत नाहीत. आणि मुख्य गोष्ट अशी की दोन्हींत माणूस मुद्दाम फसवत नसतो. ढोंग करणाऱ्याला आपण ढोंग करतो हे माहीत असते. खालाला जे व्हायचे ते तिला खरेच होत असायचे.

हे सगळे मला कळायला पोटातल्या खड्यांची गरज पडली.

2015 च्या हिवाळ्यात खालाचे डोळे पिवळे झाले. तेव्हाही पहिले दोन दिवस "हल्दी लगाके बैठी होगी" असा विनोद झाला. मग ताप चढला, अंग थरथरू लागले, लघवी चहासारखी झाली. मामू घाबरून तिला भंडाऱ्याला आणि तिथून नागपूरला घेऊन गेला. मी शाळेतून रजा टाकून पोचले. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. त्यातला एक निसटून पित्ताच्या नळीत अडकला होता, त्यामुळे कावीळ आणि वर संसर्ग. आधी दुर्बिणीने नळीतला खडा काढला, काही दिवसांनी पित्ताशय.

सर्जन तरुण होते. त्यांनी मला विचारले, "यांना आधी कधी कळा यायच्या का? विशेषतः तेलकट-तुपकट जेवणानंतर?" मी म्हटले, लग्नाकार्यांत यायच्या. ते म्हणाले, "बरोबर. चरबीयुक्त जेवण पोटात गेले की पित्ताशय आकुंचन पावते. तोंडाशी खडा असेल तर तो अडकतो. मग अर्ध्या-एक तासाने उजव्या बरगडीखाली असह्य कळ. कधी पाठीत, खांद्यात जाते. काही तासांनी खडा मागे सरकला की आपोआप थांबते. लग्नाच्या जेवणानंतर हमखास."

मी त्या खुर्चीत बसून राहिले. आमच्या घराचा सर्वांत भक्कम पुरावाच हा होता की हिला दुखते ते लग्नातच! घरी वरण-भात खाऊन कधी दुखत नाही. माणसे जमली, बिर्याणी झाली, सगळ्यांचे लक्ष नवरीकडे गेले की हिच्या पोटात दुखते. आणि दोन-तीन तासांनी कुणी पाहत नाही असे दिसले की थांबते. किती तर्कशुद्ध होते आमचे! प्रत्येक निरीक्षण खरे होते. फक्त कारण बिर्याणीत होते आणि आम्ही ते स्वभावात शोधत होतो. तीन वर्षे, किमान सात-आठ लग्ने. त्यातल्या एकात मी हसले होते, आणि तोपर्यंत माझ्याकडे बी.एड.ची पदवीही होती.

वॉर्डात खाला शुद्धीवर होती, पण गप्प होती. मी तिला प्रथमच इतकी गप्प पाहिली. मी तिचा हात धरून माफी मागितली. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "अब तो मानोगे ना, दुखता था?" त्यात नेहमीचा सूर नव्हता. डोळ्यांत पाणीही नव्हते.

गोष्ट इथे संपली असती तर सोपे झाले असते. खाला निर्दोष, घर दोषी. पण ऑपरेशननंतर तीन महिन्यांत खालाचे जुने रूप परत आले. पित्ताशय गेले, स्वभाव राहिला. टाक्यांचे व्रण ती मोहल्ल्यातल्या बायकांना दाखवू लागली, खड्यांचा आकार हरभऱ्यावरून लिंबावर गेला. पुढच्या वर्षी एका रात्री मामीशी कडाक्याचे भांडण झाले आणि तिने जीव देण्याची भाषा केली. हीसुद्धा नवी नव्हती. मामूने फोनवर मला सांगितले, "तेरी खाला का वही चालू है." पण मी आता "वही" या शब्दाला भीत होते. पहिल्या बसने गेले. रात्रभर तिच्याजवळ बसले. ती बोलत राहिली, आणि पहाटेच्या सुमारास, जेव्हा नाट्य सगळे संपून गेले होते, तेव्हा तिने हळूच सांगितले की तिला बरेच महिने झोप येत नाही आणि सकाळी उठावेसे वाटत नाही.

मी मनोविकारतज्ज्ञांकडे जाऊ म्हणाले. घरात वादळ उठले. नानी तेव्हा होती. ती म्हणाली, "मेरी बच्ची को पागलखाने ले जाएगी? दरगाह ले जा." दर्ग्याला आम्ही जातच होतो. नागपूरचा ताजबाग आमच्या घरासाठी माहेर आहे. मी नानीला म्हटले, ताजुद्दीन बाबांना 1892 साली कुठे ठेवले होते, सांग. नानीला माहीत होते. सगळ्या विदर्भाला माहीत आहे. कामठीत वाढलेले, फौजेत नोकरी केलेले आणि मग सगळे सोडून फिरणारे बाबा इंग्रज सरकारने नागपूरच्या पागलखान्यात टाकले. 1908 पर्यंत, सुमारे सोळा वर्षे, ते तिथे होते. राजे रघुजीराव भोसले यांनी त्यांना सोडवून आपल्या शक्करदऱ्याच्या वाड्यात नेले. त्या मनोरुग्णालयाच्या आवारात आजही बाबांचा चिल्ला आहे आणि लोक त्याला "पागलखाना शरीफ" म्हणतात. जिथे आपण चपला काढून आत जातो, त्या दारातून औषधासाठी गेले तर इज्जत कशी जाईल?

नानी बराच वेळ तसबीह फिरवत बसली. मग म्हणाली, "पहले ताजबाग में फातिहा पढ़, फिर ले जा." आम्ही तसेच केले.

दर्ग्याविषयी मला इथे दोन शब्द लिहावेसे वाटतात. दुखावलेल्या बाईला तिथे रडायला, ओरडायला, केस मोकळे सोडायला जागा मिळते आणि कुणी तिला नाटकी म्हणत नाही. हे मी कमी समजत नाही. पण 6 ऑगस्ट 2001 ला तामिळनाडूत एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रमात आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले 28 मनोरुग्ण जळून मेले, हेही मी विसरू शकत नाही. आपल्या पैगंबरांची शिकवण इलाज करण्याची आहे. प्रत्येक रोगाबरोबर त्याची दवा उतरली आहे, असे ते सांगत. दुआ आणि दवा यांत भांडण नाही. भांडण आपण लावतो.

नागपूरचे ते डॉक्टर वयस्क होते. मी त्यांच्यासमोर माझी आठ लक्षणांची यादी ठेवली, अगदी पाठांतर म्हणून दाखवावे तशी. त्यांनी शांतपणे ऐकले आणि मला बाहेर बसायला सांगितले. खालाशी ते एकटे पाऊण तास बोलले. नंतर मला आत बोलावून म्हणाले, "तुमची यादी चुकीची नाही. पण यादीवरून निदान नातेवाइकांनी करायचे नसते. यांना आता डिप्रेशन आहे, त्यावर औषध देतो. स्वभावावर गोळी नसते. त्याला बोलणे, समुपदेशन आणि वेळ लागतो. आणि या जीव देण्याचे बोलतील तेव्हा नाटक म्हणून सोडून देऊ नका. दहा वेळा बोललेला माणूस अकराव्या वेळी करणार नाही याची हमी कुणी देऊ शकत नाही." मग त्यांनी एक प्रश्न विचारला, "ज्या दिवशी यांना काहीच झालेले नसते, त्या दिवशी घरात यांच्याशी कोण बोलते?"

मी आठवू लागले. कुणी नाही. खाला बरी असली की ती आमच्यासाठी नसायचीच. ती रडली की शिव्या देण्यासाठी का होईना, घर तिच्याकडे वळायचे. बी.एड.मध्ये मी प्रबलन शिकले होते. ज्या वर्तनाला प्रतिसाद मिळतो ते वर्तन वाढते, हे परीक्षेत सोदाहरण लिहून गुणही मिळवले होते. आम्ही वीस-पंचवीस वर्षे खालाला एकच धडा शिकवला होता की ओरडल्याशिवाय तू दिसत नाहीस. सगळे त्यानेच झाले असे मी म्हणत नाही. असे स्वभाव घडण्यात जन्मतःच्या वृत्तीचा, बालपणाचा, भोवतालच्या माणसांचा, सर्वांचा हात असतो असे तज्ज्ञ सांगतात. पण त्यातला आमचा हात आम्हाला दिसत नव्हता.

आणखी एक गोष्ट मी त्यानंतर पाहू लागले. मामू चिडला की जेवणाचे ताट भिंतीवर मारतो, दोन दिवस कुणाशी बोलत नाही, सारे घर त्याच्याभोवती पायाच्या बोटांवर चालते. त्याला आम्ही "गुस्सेवाला" म्हणतो. तेच खालाने केले की नाटक. या विकाराचे निदान दवाखान्यांत बायकांनाच जास्त मिळते, पण काही पाहण्यांमध्ये स्त्री-पुरुषांत फारसा फरक आढळलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे 2022 पासून लागू झाले, हिस्ट्रिऑनिक हे वेगळे नावच ठेवलेले नाही. व्यक्तिमत्त्वाची अडचण किती तीव्र आहे आणि तिचा रोख कोणता, असे आता पाहतात. अमेरिकन पुस्तिकेत मात्र ते नाव अजून आहे. म्हणजे ज्या शिक्क्याच्या आनंदात मी घरी धावत गेले होते, तो शिक्का असावा की नसावा यावर जाणकारांचेच एकमत नाही. खालाचे दुःख मात्र नावाआधीही होते आणि नावानंतरही आहे.

शाळेत मी सहावीला उर्दू शिकवते. खोट्याच हाकेने गावाला धावायला लावणाऱ्या मुलाची गोष्ट मराठीत "लांडगा आला रे आला" म्हणून आहे, आमच्याकडे मुले तिला "शेर आया" म्हणतात. पूर्वी मी तिचे तात्पर्य फळ्यावर लिहून द्यायची, झूठ बोलणाऱ्याचे कुणी ऐकत नाही. त्या वर्षी मी मुलांना विचारले, गावकऱ्यांनी काय करायला हवे होते? बराच वेळ कुणी बोलले नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी स्वतः दर तासाला पोट दुखते म्हणून बाहेर जायचे निमित्त काढते, ती म्हणाली, "आपा, उसके साथ किसी को बिठाना था. वो अकेला था ना जंगल में." मी त्या दिवशी तात्पर्य लिहून दिले नाही. सुटीनंतर त्या मुलीला जवळ बसवून विचारले, पोट कुठे दुखते, केव्हा दुखते, घरी कोण असते. तिच्या आईला बोलावून आधी डॉक्टरांकडे तपासून घ्यायला सांगितले. पोटात जंत निघाले. घरचेही थोडे निघाले, ते इथे लिहिण्याचे नाही.

आता 14416 या क्रमांकावर टेलिमानसची मदत फोनवर मिळते, 2022 पासून. मी तो क्रमांक वर्गाच्या दाराजवळ मराठीत आणि उर्दूत लिहून लावला आहे. मामूच्या फ्रिजवरही तो चिकटवलेला आहे.

खाला आता साठीच्या जवळ आली आहे. डिप्रेशनचे औषध दोन वर्षांनी डॉक्टरांनीच हळूहळू बंद केले. समुपदेशनाला ती वर्षभर गेली, कारण तिथे एक बाई पूर्ण तासभर फक्त तिचेच ऐकायची. "पैसे देके सुनाना पड़ता," असे ती मोहल्ल्यात सांगते. भडक कपडे तसेच आहेत. बसमधल्या सख्ख्या बहिणी अजून होतात. कधी कधी तिचा फार राग येतो, मी तो लपवत नाही. समजून घेतल्यावर राग येत नाही, असे मला अजून झालेले नाही. फक्त दुखते म्हणाली की आम्ही आधी डॉक्टरांना दाखवतो, स्वभावाचे नंतर पाहतो.

डॉक्टरांचा तो प्रश्न मी सोडला नाही. दर जुम्याला दुपारी मी तिला फोन करते. तिला काही झालेले असो वा नसो. पहिली काही महिने ती फोन उचलताच कण्हायची. मी कण्हणे संपेपर्यंत ऐकायचे आणि मग विचारायचे, आज भाजी काय केली. हळूहळू भाजी आधी येऊ लागली.

गेल्या रमजानआधी एका मंगळवारी तिचाच फोन आला. शाळेची मधली सुटी होती. मंगळवारी फोन म्हटल्यावर माझ्या छातीत धस्स झाले.

"क्या हुआ, खाला?"

"कुछ नहीं हुआ," ती म्हणाली. "आज कुछ भी नहीं हुआ. बस, यूँ ही लगाया."

मी वऱ्हांड्यात कठड्याला टेकून उभी राहिले. घंटा झाली, मुले आत गेली. आम्ही आणखी पाच मिनिटे बोललो. वांग्याबद्दल.